दमानं वाच

सिस्टरबाई दुकानात आल्या तेव्हा मे महिना होता आणि दुपारचे तीन वाजले होते. नागपूरला बर्डीच्या आमच्या गल्लीत त्या वेळेला कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. मी कूलरमध्ये पाणी ओतून नुकताच टेकलो होतो. भाचीचा हात धरून बाई आत आल्या, पर्समधून जुना बायफोकल काढला, काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "नंबर वाढला हाय माहा. बायबल दिसत नाही."

मी त्यांना खुर्चीत बसवलं, ट्रायल फ्रेम नाकावर चढवली आणि काचा टाकत गेलो. प्लस तीन, प्लस चार, प्लस सहा. जवळचा तक्ता हातात दिला. बाई मान वाकडी करून, तक्ता तिरपा धरून बघत होत्या. "बाजूचे अक्षरं दिसतात रे. ज्याच्याकडे पाहाले जावं, तेच पळून जाते."

तिथंच मला कळलं. भाचीनं पिशवीतून डोळ्याच्या डॉक्टरांची फाइल काढली, त्यातही तेच लिहिलेलं होतं. पडद्याचा मधला भाग झिजलेला, दोन्ही डोळ्यांत. अशा माणसाला दाराची चौकट दिसते, चौकटीत कोण उभं आहे ते दिसत नाही. भिंत दिसते, घड्याळातले काटे दिसत नाहीत. मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो की चष्मा म्हणजे प्रोजेक्टरची काच. पडदाच फाटला असेल तर काच बदलून सिनेमा दिसत नाही. बाईंनाही तेच सांगितलं. हातात धरायचं मोठं भिंग देऊन पाहिलं. एक ओळ लावायला त्यांना दोन मिनिटं लागली आणि मान भरून आली.

"सिस्टर, याला नंबर नाही," मी म्हटलं.

"नंबर नाही?"

"नाही."

"मग तूच वाच," बाई म्हणाल्या. "तू मास्तरांचा पोरगा ना? तुह्या बापाचा आवाज चांगला होता. बुधवारी दुकान जरा लवकर बंद करत जा."

नाही म्हणायला मला तीन सेकंद मिळाले होते, ते मी फाइल बंद करण्यात घालवले.

इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. आमचं घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. वडील मिशनच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि रविवारी उपासनेत शास्त्रपाठ वाचायचे. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, दृढीकरण, म्हणजे तोच विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करणं, सोळाव्या वर्षी. तरुण संघात मी तबला वाजवला, डिसेंबरच्या थंडीत मफलर गुंडाळून कॅरलच्या फेरीबरोबर सदर ते मेकोसाबाग पालथं घातलं. पुढं लग्न, दुकान, कर्ज, मुलाचं शिक्षण. मी कशावर रागावून मंडळी, म्हणजे चर्च, सोडली नाही. नुसता सैल होत गेलो, जुन्या फ्रेमचा स्क्रू होतो तसा. चाळिशी ओलांडेपर्यंत मी नाताळ आणि ईस्टरचा ख्रिस्ती झालो होतो. बाकीच्या रविवारी सकाळी लेन्सच्या ऑर्डरी लावायच्या आहेत असं सांगून दुकानात येऊन बसायचो. बायको महिला मंडळात जाते, तिनं कधी टोकलं नाही. टोकलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं. पण हे तिला दाखवू नका.

दुकानही तेव्हा थंड होतं. लोक फ्रेम मोबाइलवर बघतात, नंबर आमच्याकडून काढून घेतात आणि ऑर्डर तिकडे देतात. कोपऱ्यावर एका मोठ्या साखळीचं चकचकीत दुकान आलं. मी सकाळी शटर वर करायचो, रात्री खाली ओढायचो, आणि मधल्या दहा तासांत आपण नेमकं काय केलं हे मला सांगता आलं नसतं. दुःख म्हणावं असं काही नव्हतं. कशाची चवच लागत नव्हती.

पहिल्या बुधवारी मोहननगरला बाईंच्या घरी गेलो. दोन खोल्या, खिडकीत तुळस आणि पुदिना एकाच डब्यात, भिंतीवर नर्सिंगच्या बॅचचा फोटो. बाई मूर मेमोरियलमध्ये शिकल्या आणि पुढं आयुष्यभर बाळंतपणाच्या वॉर्डात राहिल्या. सीताबर्डीचं हे हॉस्पिटल स्कॉटलंडहून आलेल्या डॉ. अ‍ॅग्नेस हेंडरसन यांनी बायकांसाठी सुरू केलेलं. माझाही जन्म तिथलाच. बाईंच्या हिशेबानं त्यांनी मला पाठीवर पहिला धपाटा मारला होता, त्यामुळं माझ्यावर त्यांचा हक्क होता.

"कुठून वाचू?" मी विचारलं.

"मत्तय. पहिल्यापासून."

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय म्हणजे येशूची वंशावळी. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला, अशी तीन वेळा चौदा पिढ्यांची माळ. लहानपणी शब्बाथ शाळेत आम्ही ती आगगाडीसारखी म्हणायचो. मीही तशीच सुटू दिली.

"थांब. गाडी पकडाची हाय का तुले?"

"नावंच तर आहेत, सिस्टर."

"नावंच हायत. पण एकेका नावामागं एक बाळंतपण हाय, बापा. रात्र रात्र जागून झालेलं. कोणाचं पायाळू, कोणाचं सात महिन्यांचं. दमानं वाच."

मी दमानं वाचलं. यादी सगळी बापांची, पण मधेच चार बाया येतात: तामार, राहाब, रूथ आणि जिचं नावही घेतलेलं नाही ती उरीयाची बायको. शेवटी मरीया. प्रत्येकीपाशी बाईंनी हात वर करून मला थांबवलं आणि तिची हकीकत सांगितली; धार्मिक कमी, वॉर्डातली जास्त. राहाब वेश्या होती हे त्यांनी असं सांगितलं, जसं केसपेपरवर रक्तगट लिहितात. रूथ परक्या मुलखातली, विधवा, सासूबरोबर आलेली. "अशा बाया माह्या वॉर्डात रोज यायच्या. बाळंतपण बाईचं, नाव बापाचं. इथं निदान चौघींची नोंद तरी ठेवली लिहिणाऱ्यानं."

सतरा ओव्यांना पाऊण तास लागला. बाहेर आलो तेव्हा सदरच्या रस्त्यावर अजून झळा मारत होत्या. मी स्कूटरला किक मारली. डोक्यात रूथ होती.

हळूहळू बुधवार ठरून गेला. दुकानातला आमचा पोरगा बौद्ध आहे, घरचे सगळे दीक्षाभूमीला जाणारे, १९५६ च्या दसऱ्याला त्याचे आजोबा त्या गर्दीत होते. सहा वाजले की तोच मला उठवायचा, "दादा, निघा, तुमची वंदना हाय आज." त्याला मी हसायचो, पण शब्द बरोबर होता. वाचन म्हणावं तर बाई ऐकता ऐकता ओठ हलवायच्या. अर्ध्याहून जास्त त्यांना पाठ होतं. एकदा कंटाळून मी यिर्मयामधली चार वचनं गाळली. बाईंनी ती चारही म्हणून दाखवली आणि पुढची ओळ मला दिली.

"पाठ आहे तर मला कशाला बोलावता?"

"मी म्हटलं की माहाच आवाज ऐकू येते. चौऱ्याऐंशी वर्षं तोच ऐकून राहिली. दुसऱ्याच्या तोंडून आलं की वाटते, कोणी आलं घरी."

पावसाळ्यात माझी निवड चालू लागली. मी बायबलमधलं उपदेशक हे पुस्तक काढलं. सगळं व्यर्थ, वाऱ्यामागं धावणं. बारा अध्याय दोन बुधवारांत संपवले, कारण प्रत्येक ओळ माझ्या शटरवर रंगवावी अशी होती. मला वाटलं बाई रागावतील. त्या म्हणाल्या, "चांगला वाचला. चिडलेला माणूस हाय. पण पाय, चिडला तरी उठून गेला नाही."

मी उठून गेलो होतो. पण त्या माझ्याबद्दल बोलत नव्हत्या, त्या शेंगा सोलत होत्या.

मग फिलिप्पै, पौलानं तिथल्या मंडळीला लिहिलेलं पत्र. चार अध्याय, एकशे चार वचनं. त्या दिवशी बँकेत हप्त्यावरून बोलाचाली झाली होती आणि मी तोंड वाकडं करूनच बसलो होतो. पौल दर दोन ओळींनी आनंद करा म्हणतो. तिसऱ्यांदा आलं तेव्हा मी पुस्तक मांडीवर ठेवलं. म्हटलं, "सिस्टर, या माणसाला हप्ते नव्हते."

"कुठून लिहून राहिला तो?"

मला माहीत होतं. मास्तरांच्या पोराला माहीत असणारच. तुरुंगातून. पायात बेड्या, निकाल काय लागेल याचा पत्ता नाही, आणि बाहेर काही लोक त्याला खिजवायला म्हणून प्रचार करतायत. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तेच आता मोठ्यानं, एका म्हाताऱ्या बाईसमोर, स्वतःच्या तोंडानं म्हणायचं म्हणजे वेगळं. मनातल्या मनात वाचताना डोळा पुढं पळतो, नको ते ओलांडतो. मोठ्यानं वाचताना जिभेला प्रत्येक शब्दाला शिवावंच लागतं. मी तो अध्याय संपवला तेव्हा माझा आवाज चिडका राहिला नव्हता. एवढंच झालं. प्रकाश वगैरे काही पडला नाही. त्या रात्री घरी येऊन मी बऱ्याच वर्षांनी प्रार्थना केली. स्वतःचे शब्द सुचेनात, म्हणून संध्याकाळी वाचलेलेच शब्द परत म्हटले. पुढं कित्येक आठवडे माझी प्रार्थना ही अशी उसनी होती. विश्वास आधी जिभेवर आला, पोटात उतरायला त्याला वेळ लागला. माझ्या बाबतीत तरी क्रम असा होता, आणि तो उलटा आहे असं मला कुणी सांगितलं तर मी वाद घालणार नाही.

ऑगस्टपासून रविवारी उपासनेला जाऊ लागलो. मागच्या बाकावर, दाराजवळ. पहिल्याच रविवारी मला एक गोष्ट दिसली, आणि ती मलाच दिसणार होती कारण माझा धंदाच तो. गीत सुरू झालं, सगळे उभे राहिले, पुस्तकं उघडली. माझ्या पुढच्या बाकावर रेल्वेतून रिटायर झालेले एक काका. त्यांनी पुस्तक हात पुरेल तितकं लांब धरलं, मग आणखी लांब, मग हातच संपला. पहिलं कडवं पाठ होतं, ते जोरात म्हटलं. दुसऱ्या कडव्याला ओठ नुसते हलत होते. मी मान फिरवून पाहिलं. डावीकडं दोन मावश्या एकाच पुस्तकात बघत होत्या आणि पान चुकीचं होतं. पहिल्या कडव्याला मंडळी गर्जायची, तिसऱ्याला नुसता क्वायर आणि पेटी उरायची. वडीलमंडळात, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांत, यावर चर्चा झाली होती म्हणे. तरुणांना गाण्यात रस राहिला नाही, चाली जुन्या झाल्या, साउंड सिस्टिम बदलू. म्हाताऱ्यांना अक्षरं दिसत नाहीत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हातारे सांगत नाहीत. घरातल्यांना सांगितलं तर खर्च निघतो.

पुढच्या रविवारी मी जवळच्या नंबरचे तयार चष्मे एका बिस्किटाच्या डब्यात घालून नेले. प्लस एक पासून प्लस तीनपर्यंत. होलसेलात साठ-सत्तर रुपयांना पडतात, त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. उपासना संपल्यावर व्हरांड्यात बाक ओढला. तक्ता नेलाच नाही, गीतांचं पुस्तकच हातात द्यायचो आणि म्हणायचो, "तिसरं कडवं वाचा." रेल्वेवाले काका पहिले बसले. अडीचची काच लावली. त्यांनी कडवं वाचलं, मग चौथं वाचलं, मग पान उलटून पुढचं गीत वाचायला घेतलं. मागं रांग लागली तरी उठेनात. "हे असं हाय होय," एवढंच म्हणत होते. कुठलंसं एक यमक ते वीस वर्षं चुकीचं म्हणत आले होते.

ज्यांना तयार चष्म्यानं भागणार नव्हतं, मोतीबिंदू पिकलेला होता किंवा दाब वाढल्याचा संशय होता, त्यांना डॉक्टरांकडं पाठवलं. तिघांचं ऑपरेशन झालं. हे सगळं दोन-तीन महिन्यांचं काम. ऑक्टोबरात एका रविवारी तिसरं कडवं पहिल्याइतकं जोरात आलं. पेटीवाल्या दादानं चमकून मागं पाहिलं. मी मागच्या बाकावर होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. घरी येताना मी शीळ घालत होतो म्हणे. बायकोनं स्कूटरवर मागून खांद्याला हात लावला, "अहो, बरं आहे ना?"

पाळकसाहेबांनी मग साक्ष द्यायला सांगितलं. इथं मी अडलो. साक्षीच्या सभा मी लहानपणापासून ऐकल्या आहेत. उभा राहणारा माणूस आधी दारू पिणारा असतो, नाहीतर मरणाच्या दारातून आलेला असतो, आणि मग प्रभू भेटतो. त्या खोट्या असतात असं माझं म्हणणं नाही. त्यातल्या काही घरांत मी जेवलो आहे. पण माझ्याकडं दारूही नव्हती, अपघातही नव्हता. मला कंटाळा आला होता आणि तो गेला, हे मंचावरून कसं सांगायचं? मी नाही म्हटलं. साहेबांनी आग्रह केला नाही, फक्त म्हणाले, "मग लिहून तरी ठेवा." म्हणून हे.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला टिळकांची गोष्ट ऐकवली. ती आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक असते, पण त्यांनी वेगळ्या बाजूनं धरली. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं निघाले होते. डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला, गप्पा झाल्या, उतरताना त्यानं टिळकांना नवा करार दिला. पुढं १८९५ मध्ये मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि मराठी मंडळीला तिची भजनं मिळाली. "आता सांग," बाई म्हणाल्या, "त्या गोऱ्याचं नाव काय?"

"मला माहीत नाही."

"त्यानं साक्ष दिली का कुठं?" आणि लगेच, "चहा ठेव. साखर कमी टाक, मागच्या वेळी पाक केलता."

बाईंचा इतिहास हा असाच, चहाच्या आसपास. २९ नोव्हेंबर १९७० ला ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्चपरंपरा एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा त्या तिशीतल्या नर्स होत्या आणि मंडपाच्या कडेला प्रथमोपचाराच्या टेबलावर बसल्या होत्या. अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, सगळे झगे घालून ओळीनं चालले होते. "डोळे भरून आले बाप्पा. सहा चर्च एक झाले. आणि आमच्या वाड्यात दोन जावा एका नळावर एक नाही झाल्या." हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, त्या स्टीफन हिस्लॉप यांच्याबद्दल त्यांचं मत होतं की या माणसाला दगडांचं फार वेड. ते खरंच आहे. १८४५ मध्ये ते नागपूरला आले, शाळा काढली आणि उरलेल्या वेळात या भागातले खडक, जीवाश्म, गोंडांची भाषा जमवत राहिले. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची जुनी दगडी वर्तुळं बघून रात्री घोड्यावरून परतताना ते पुराच्या नाल्यात वाहून गेले. सेहेचाळीसही पूर्ण नव्हती. हे ऐकताना मी सेहेचाळिशीत होतो. बाईंना ते माहीत होतं की नाही, सांगता येत नाही.

नोव्हेंबरात कापणीचा सण आला. आमच्याकडं या दिवशी मंडळी आपापल्या पिकातलं, परसातलं काहीतरी वेदीपुढं आणून ठेवते आणि उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो. काटोलकडच्या एका कुटुंबानं आंबिया बहाराची संत्री आणली होती, कुणी तुरीच्या शेंगा, कुणी कोंबडा. एक लिंबू पाचशे रुपयांना जातं आणि सगळे टाळ्या वाजवतात. दरवर्षी मी घाईघाईनं पाकीट टाकून निघायचो, कारण माझ्याकडं पिकतं काय? या वर्षी मी बिस्किटाचा डबा ठेवला. रंगीत कागद बायकोनं लावला. संत्र्यांच्या ढिगाशेजारी चष्म्यांचा डबा विचित्र दिसत होता. लिलावाच्या वेळी बोली लागली, आणि रेल्वेवाल्या काकांनी तो डबा घेऊन मलाच परत दिला, "भरत राहा."

सगळं गोड झालं असं वाटू देऊ नका. कोपऱ्यावरचं दुकान तिथंच आहे. कर्जाची सव्वा दोन वर्षं बाकी आहेत. मुलगा पुण्यात असतो, फोनवर चर्चचा विषय निघाला की "हां बाबा" म्हणून गाडी पुढं नेतो. मी ओळखतो तो सूर, माझाच आहे. काही बुधवारी मोहननगरच्या वळणावरून परत फिरावंसं वाटतं. काही रात्री प्रार्थना भिंतीशी बोलल्यासारखी होते. पण शटर खाली ओढताना दिवस कुठं गेला ते आता मला सांगता येतं. अमक्याच्या आईचा नंबर काढला, तमक्याची काडी जोडून दिली, सहाला निघालो, वाचलं.

मागच्या बुधवारी आमचा ईयोब संपला. आता काय घ्यायचं म्हणून मी विचारलं. वाटलं, स्तोत्रं म्हणतील, हलकं काहीतरी. बाईंनी हात एकमेकांवर चोळले, जसे त्या लेबर रूममध्ये शिरताना चोळत असतील.

"पहिला इतिहास."

मी पानं चाळून पाहिली. पहिले नऊ अध्याय, नुसती नावं. शेकड्यांनी. मी त्यांच्याकडं बघितलं. त्या माझ्या बाजूला, माझ्या कानाच्या थोडं पलीकडं बघत होत्या. तिथूनच त्यांना मी थोडासा दिसतो.

"सिस्टर, हे पावसाळ्यापर्यंत चालेल."

"चालू दे ना मग."

मी चष्मा पुसला. आदाम, शेथ, अनोश.

"दमानं," बाई म्हणाल्या.